झोप, भाकर आणि चालते पाय

उन्हाळा लागला की मराठवाड्यातली माणसं रात्री घराच्या माथ्यावर जातात. औसा, निलंगा, कंधार, मुखेडच्या जुन्या गल्ल्यांत माळवदावर, नव्या वस्त्यांत गच्चीवर. दिवसभर ४२-४३ अंशांत भाजून निघालेलं घर आत थांबू देत नाही. दिवेलागणीला वर पाणी मारायचं, जेवणं उरकली की वाकळ टाकायची, उशाला तांब्या ठेवायचा. वारा सुटला की बोलता बोलता एकेकाचा आवाज बंद होत जातो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या सवयीत शरीराचं एक थक्क करणारं गणित आहे.

झोप लागण्याआधी शरीराचं आतलं तापमान उतरणीला लागावं लागतं. रात्रभरात ते साधारण एका अंशानं खाली येतं. ही उष्णता बाहेर टाकण्याचं काम प्रामुख्यानं तळहात आणि तळपाय करतात. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त कातडीपाशी येतं आणि गाभा निवत जातो. १९९९ साली स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातल्या संशोधकांनी दाखवलं, की माणूस किती लवकर झोपेल हे ओळखायची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे त्याचे हातपाय गरम होणं. हातपाय गरम, गाभा थंड. काशाच्या वाटीनं तळपाय चोळून घेतले की डोळे मिटतात, असं सांगणाऱ्या आज्यांच्या अनुभवामागे हेच असावं. माळवदावर कोरडी हवा आणि उघडं आभाळ ही उष्णता बघता बघता ओढून घेतात. काँक्रीटचा स्लॅब मात्र दिवसभर ऊन साठवतो आणि रात्रभर खाली झोपलेल्यांवर सोडत राहतो. स्लॅबच्या खोलीत राहणाऱ्याला मे महिन्यात झोप का येत नाही, याचं बरंचसं उत्तर इथेच मिळतं.

माळवदावरच्या झोपेचा दुसरा धागा उजेडाचा आहे. उघड्यावर झोपणाऱ्याला पहाटेचा उजेड उठवतो. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र पाहणं हे नाही. उजेड किती आहे एवढी बातमी त्या मेंदूच्या तळाशी असलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या घड्याळाला पोचवतात. अमेरिकेतल्या केनेथ राइट यांनी २०१३ साली आठ जणांना आठवडाभर रानात तंबूत राहायला नेलं. विजेचा दिवा नाही, फक्त ऊन आणि शेकोटी. सात दिवसांत त्यांची आतली घड्याळं जवळपास दोन तास अलीकडे सरकली. स्वतःला रात्रीचा पक्षी म्हणवणारेसुद्धा सूर्याबरोबर चालू लागले.

झुरिकचे अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ साली झोपेचं कोडं फार सोप्या भाषेत मांडलं. झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे हे घड्याळ, आणि दुसरी म्हणजे जागेपणाचा साठत जाणारा भार. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं, आणि झोपेत ते उपसलं जातं. चहातलं कॅफिन अ‍ॅडिनोसिनच्या जागा अडवून बसतं. त्यानं भार कमी होत नाही, फक्त जाणवत नाही. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात. म्हणजे रात्री दहाच्या चहाचा निम्मा जोर पहाटे तीनला मेंदूत शाबूत असतो.

रात्री दहाचा चहा म्हटलं की लातूरचा ट्यूशन एरिया आणि नांदेडचं भाग्यनगर डोळ्यांसमोर येतं. राज्यभरातून मुलं-मुली इथं येतात. अकरावी, बारावी, आणि मग एक-दोन वर्षं रिपीटर म्हणून. अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'नं एका दुष्काळी भागाचं नाव देशात नेलं. गरिबाघरची मुलं डॉक्टर झाली, याचा मला मनापासून अभिमान आहे. म्हणूनच या मुलांच्या झोपेबद्दल इतक्या पोटतिडकीनं लिहावंसं वाटतं.

माणसाचं आतलं घड्याळ वयात येताना उशिराकडे सरकू लागतं, आणि विशीच्या आसपास ते आयुष्यातल्या सर्वांत उशिराच्या टोकाला पोचतं. जर्मनीचे टिल रोनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या नोंदींवरून २००४ साली हे दाखवलं. मुलींमध्ये हे टोक मुलांपेक्षा थोडं आधी येतं. म्हणजे मुलगा रात्री बारापर्यंत टक्क जागा राहतो आणि सकाळी हलवूनही उठत नाही, तेव्हा त्याचं वय बोलत असतं. त्यात सकाळची पहिली बॅच लवकरची असेल, तर त्याची रात्र दोन्ही टोकांनी कातरली जाते. आणि झोपेचं शेवटचं टोक, पहाटेचं, स्वप्नांच्या झोपेनं सर्वांत भरलेलं असतं. पाच वाजताचा गजर नेमकं तेच कापून टाकतो.

अभ्यासाच्या दृष्टीनं झोपेत काय चालतं, ते लातूरच्या आडत बाजारातल्या मुनिमाला चटकन कळेल. दिवसभराचे व्यवहार तो रोजमेळात उतरवतो, आणि बाजार मिटल्यावर शांतपणे खतावणी करतो, तेव्हा ज्याचं त्याच्या खात्यावर जातं. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग रोजमेळासारखा आहे. दिवसा शिकलेलं तिथं घाईत टिपलं जातं. रात्रीच्या गाढ झोपेत ते पुन्हा पुन्हा वाचलं जातं आणि मेंदूच्या बाहेरच्या थरांत कायमचं नोंदवलं जातं. १९९४ साली मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांना उंदरांच्या मेंदूत हे प्रत्यक्ष सापडलं. दिवसा ज्या पेशी वाट शोधताना एकत्र चमकल्या होत्या, त्याच झोपेतही एकत्र चमकत होत्या. झोपलेला उंदीर दिवसाची वाट पुन्हा चालत होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आपण निजतो आणि आपल्यातलं कुणीतरी उजळणी करत बसतं!

वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा मे महिन्यात दुपारी दोनला सुरू होते. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला शरीराच्या घड्याळात एक उतार असतो. जेवण केलं नाही तरी तो येतो. झोप पुरी झालेल्या मुलाला तो जेमतेम जाणवतो, झोपेची उधारी डोक्यावर असलेल्याला तो खाली ओढतो. वर्षभराची मेहनत नेमक्या त्या तीन तासांत कागदावर उतरवायची असते.

झोपेचा संबंध फक्त परीक्षेशी नाही, मनाशीही आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. न्यूझीलंड आणि अमेरिकेतल्या १८ ते २५ वयाच्या अकराशेहून अधिक तरुणांना त्यांची झोप, हालचाल आणि खाणं विचारलं आणि मनाचं स्वास्थ्य मोजलं. तिन्हींचा मनाशी संबंध दिसला, पण सर्वांत पुढे होती झोप. त्यातही किती तास झोपलात यापेक्षा उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, याचा संबंध अधिक घट्ट निघाला. हा पाहणीचा अभ्यास आहे. उदास मनालाही झोप लागत नाही, तेव्हा कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यावरून ठरत नाही. तरीही मुलाला फोनवर 'अभ्यास कसा चाललाय' याच्या आधी 'झोप लागते का रे' हे विचारायला एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

नव्या रूमवर पहिल्या रात्री डोळा लागत नाही, हा अनुभव प्रत्येकाला असतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात २०१६ साली त्याचं कारण दिसलं. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. बारीक आवाजालाही तो दचकतो. म्हणजे परक्या जागी आपण अर्ध्या मेंदूनं जागल करतो. डॉल्फिन आणि काही पक्षी एका वेळी अर्धाच मेंदू झोपवतात, हे माहीत होतं. माणसात त्याचा एवढासा अंश अजून शिल्लक आहे.

झोपेला निर्धास्तपणा लागतो हे लातूर जिल्ह्याइतकं कुणाला कळलं असेल? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात ज्याच्यावर सुखानं निजायचं, तेच छत अंगावर आलं आणि हजारो माणसं झोपेतच गेली. वाचलेल्यांनी पुढे घराला पाठ दाखवून किती रात्री उघड्यावर काढल्या, ते त्या भागातल्या कुठल्याही साठीच्या माणसाला विचारावं. घर पुन्हा बांधून देता येतं. भिंतीजवळ निश्चिंत झोपण्याची सवय मात्र शरीराला नव्यानं लावून घ्यावी लागते.

तिशी-चाळिशीत आलं की झोपेचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण आता ती एकट्याच्या हातात राहत नाही. शेतीपंपाची थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीचा आठवडा आला की शेतकरी दहा-अकराला बॅटरी घेऊन रानात जातो. विंचूकाट्याची भीती असतेच. पण त्याहून हळू, न दिसणारं एक नुकसान होत असतं. आठवड्यागणिक झोपेची वेळ उलटीपालटी होणं हे कारखान्यातल्या रात्रपाळीपेक्षा वेगळं नाही, आणि रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ सालीच संभाव्य कर्करोगकारक गटात घातलं आहे. दिवसा वीज देण्यासाठी राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे. ती विजेची योजना म्हणून ओळखली जाते. माझ्या लेखी ती आरोग्याचीही योजना आहे.

बायकांच्या झोपेचं तर मोजमाप फारसं कुणी ठेवत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला ५० हजार लिटरच्या दहा टाक्या होत्या. सारा देश ती गाडी बघत होता. त्या वर्षी टँकर येईल तेव्हा उठून घागरी भरणाऱ्या बायकांच्या तुटक्या रात्री मात्र बातम्यांत फारशा आल्या नाहीत. पुढे पंचेचाळिशी-पन्नाशीत पाळी जाताना अंगातून वाफा निघाल्यासारखं होऊन मध्यरात्री जाग येते, ती त्यावर वेगळीच.

तुटलेल्या झोपेचा हिशेब सकाळी ताटात दिसतो. शिकागोच्या प्रयोगशाळेत २००४ साली बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक जागवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. आणि मन धावलं ते गोड, खारट, पिठूळ पदार्थांकडे. जागरणानंतर भजी किंवा गोड चहाच हवासा वाटतो, तो जिभेचा हट्ट नाही. रक्तातल्या संदेशवाहकांनी तसा निरोप पाठवलेला असतो.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे घड्याळ एकटं मेंदूत नाही. यकृत, स्वादुपिंड, आतडी, स्नायू, प्रत्येकाचं आपापलं घड्याळ आहे. मेंदूचं घड्याळ उजेडावर लागतं, यकृताचं पुष्कळसं जेवणाच्या वेळेवर. दोन्हींचा मेळ असेल तर सारं सुरळीत चालतं. रात्री अकराला भरपेट जेवणाऱ्याच्या शरीरात मेंदू 'रात्र झाली' म्हणतो आणि यकृताला 'दिवस आहे' असा निरोप जातो. दिवेलागणीला चूल पेटवून वेळेत जेवणारं गाव ही घड्याळं रोज एकमेकांशी जुळवून घेत होतं.

आता पायांकडे. १९५३ साली लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. एकच गणवेश, एकच गाडी, तेच रस्ते. फरक इतकाच, की ड्रायव्हर बसून राहायचा आणि कंडक्टर दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढायचा. कंडक्टरांना हृदयविकार कमी व्हायचा, आणि झालाच तर सौम्य. व्यायामाचं आधुनिक विज्ञान या बसमधून सुरू झालं म्हटलं तरी चालेल. लातूर-नांदेड एसटीत गर्दीतून तिकिटं देत मागेपुढे करणारा कंडक्टर पाहिला की मला नेहमी मॉरिस आठवतात.

स्नायू हलला की काय होतं? एरवी रक्तातली साखर स्नायूच्या आत शिरायला इन्सुलिन लागतं. पण आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच आपल्या पेशींची दारं उघडतो आणि इन्सुलिनशिवायही साखर आत ओढतो. म्हणून जेवणानंतरची शतपावली इतकी शहाणपणाची. २०१३ साली साठीपुढच्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या मोजक्या लोकांवर हे तपासलं गेलं. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालण्यानं दिवसभराची साखर सकाळच्या सलग पाऊण तासाच्या चालण्याइतकीच सुधारली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर अधिक चांगली आवरली.

हे आपल्याला अधिकच लागू आहे, आणि त्याचं कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आपला आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा जोडफोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडसडीत, आतून चरबीचा. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला, तेव्हा ही ठेवण जन्मापासूनच असल्याचं दिसलं. आपली बाळं वजनानं लहान जन्मतात, पण त्यांच्यात कमी असतो तो स्नायू, चरबी नव्हे. 'मी तर बारीक आहे, मला कशाला व्यायाम' असं म्हणणाऱ्या मराठी माणसानं हा फोटो एकदा पाहावा.

चाळिशीनंतर शरीर मंदावतं म्हणून पोट सुटतं, असं आपण धरूनच चालतो. २०२१ साली हर्मन पाँटझर आणि सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांची ऊर्जा मोजली. सर्वांत लहान बाळ आठ दिवसांचं, सर्वांत मोठी व्यक्ती ९५ वर्षांची. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला, तर वीस ते साठ या चाळीस वर्षांत शरीराचा जाळ जवळपास जसाच्या तसा राहतो. तो उतरू लागतो साठीनंतर, वर्षाला सुमारे ०.७ टक्क्यानं. मग पोट कशानं सुटतं? स्नायू झिजल्यानं, बसून राहिल्यानं, तुटक्या झोपेनं, आणि ताटात झालेल्या बदलानं.

ताटातला बदल लातूर-नांदेडात नजरेला दिसतो. खरिपात सोयाबीन पसरलं, ज्वारी मागे सरली. तिच्याबरोबर कडबा गेला आणि ताटातली भाकरही पातळ झाली. ज्वारीच्या दाण्यात पिष्टाच्या कणांभोवती काफिरिन नावाच्या प्रथिनाचं वेष्टन असतं. शिजताना ते आवळत जातं, त्यामुळे आतलं पिष्ट सावकाश पचतं. 'भाकरीचा माणूस दुपारपर्यंत दमत नाही' या बोलण्यात हे प्रथिन आहे. न पचलेला कोंडा मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते आवडतं इंधन. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं हैदराबादच्या इक्रिसॅटबरोबर 'परभणी शक्ती' हे वाण २०१८ साली दिलं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. रक्त कमी असलेल्या आपल्या लेकीबाळींसाठी याहून घरचं औषध कोणतं?

आणि मग वेळ अमावस्या, आमची येळवस. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर शहराचे रस्ते ओस पडतात. सगळे रानात. कडब्याची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, माठातली ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, आणि भज्जी. भज्जी म्हणजे ओली तूर, वाटाणा, हरभरा, वाल, शेंगदाणे, हाताला येईल ती पालेभाजी, सारं एका पातेल्यात शिजवलेलं. आहारतज्ज्ञ 'ताटात जितकी विविधता तितकं बरं' असं सांगतात. एका पातेल्यात इतक्या शेंगा आणि इतका पाला आणखी कुठल्या सणाला शिजतो, मला आठवत नाही. त्या दिवशी माणूस रानापर्यंत चालतो, ऐन हिवाळ्यात अंगावर ऊन घेतो, चार घरच्यांबरोबर पोटभर जेवतो, आणि झाडाखाली सावलीत पडतो. उजेड, चालणं, शेंगा, आंबवलेलं ताक, आपली माणसं, विश्रांती, सगळं एका दिवसात. रात्री जी झोप लागते ती वर्षभर आठवणीत राहते.

खाण्याचा मनावर परिणाम होतो का, हे ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांनी तपासून पाहिलं आणि २०१७ साली मांडलं. औदासीन्याच्या आजाराच्या ६७ रुग्णांपैकी एका गटाला बारा आठवडे आहारतज्ज्ञाची मदत दिली. कडधान्यं, भाज्या, फळं, अख्खी धान्यं, मासे. दुसऱ्या गटाला तेवढ्याच वेळा गप्पांची सोबत दिली. आहाराच्या गटातले ३२ टक्के आजारातून बाहेर आले, सोबतीच्या गटातले ८ टक्के. अभ्यास लहान आहे, औषध सोडून द्या असं तो म्हणत नाही. पण पोटाचा रस्ता मनाकडे जातो, एवढं त्यातून दिसतं.

साठीनंतर आई-वडील पहाटे चारला उठून बसतात. घड्याळ आता उलट, लवकरच्या बाजूला सरकलेलं असतं. गाढ झोप तर फार आधीच आटू लागते. निरोगी पुरुषांवरच्या एका अभ्यासात पंचविशीपर्यंत ती रात्रीच्या सुमारे १९ टक्के होती आणि पस्तिशी-पन्नाशीच्या टप्प्यातच साडेतीन टक्क्यांपर्यंत खाली आली. म्हणून म्हाताऱ्या माणसाला 'गोळी घेऊन झोप' म्हणण्याआधी सकाळचं ऊन आणि दिवसभराचं थोडं चालणं देऊन पाहावं. नांदेडला पहाटे गोदावरीच्या घाटावर आणि सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आवारात ज्येष्ठांची वर्दळ असते, त्यांना ते दोन्ही आपसूक मिळतं.

पण सर्वांत मोठं नवल स्नायूंचं आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणातच ठेवलं. त्यांची दम टिकवण्याची क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, तेच पाच जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयानं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्यानं केलं होतं! मग सहा महिने हळूहळू चालणं, सायकल, पळणं असा व्यायाम दिला, आणि ती क्षमता जवळपास विशीतल्या पातळीवर परत आली. म्हातारपण म्हणून आपण जे सोसतो, त्यातलं बरंच नुसतं बसून राहणं असतं.

बोस्टनमध्ये १९९० साली मारिया फियाटारोन यांनी तर वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना मांड्यांसाठी वजनं उचलायला लावली. नऊ जणांनी आठ आठवडे पुरे केले. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. नव्वदाव्या वर्षी स्नायू नव्यानं बांधला जातो, हे तोवर फारसं कुणाला खरं वाटत नव्हतं. आपल्याकडे तालमीतली बैठक नेमके हेच स्नायू घडवते. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांना १९६९ साली महाराष्ट्र केसरी करणाऱ्या बैठका हजारोंनी असतील. आजीला बाजेवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं पुरे, सुरुवातीला कुणाचा तरी हात धरून.

त्या स्नायूला माल मात्र ताटातून पुरवावा लागतो, आणि उतारवयात नेमकं ताटच आकसतं. 'वरण पचत नाही' म्हणत चहा-बिस्किटावर दिवस निघतो, तेही देशाला तूरडाळ पुरवणाऱ्या लातुरात. ज्वारीत लायसिन कमी, तुरीत ते भरपूर, म्हणून भाकर-वरण ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. वाढत्या वयात प्रथिनं किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम लागतात, तरुणपणापेक्षा जास्त. पन्नास किलोच्या आजीला म्हणजे निदान पन्नास ग्रॅम. दोन भाकरींत पंधरा, दोन वेळच्या वरणात अकरा, मूठभर शेंगदाण्यात सात-आठ, दूध-दह्याच्या दोन वाट्यांत नऊ-दहा, मटकीच्या उसळीत सात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टरांना विचारून लावायचा. आणि दात नसतील तर शेंगदाणे कुटून, भाकर वरणात कुस्करून द्यायची.